नाव सांगणाऱ्याला नावं ठेवू नका

देवणी, वलांडी, बोरोळ, उदगीर या लातूर जिल्ह्यातल्या पट्ट्यात नव्यानं डीजे झालेल्या एखाद्या पोरानं मोबाइलच्या स्टेटसवर स्वतःचा फोटो टाकला, खाली 'हळद, परण्या, वरातीसाठी संपर्क करा' एवढंच लिहिलं, तरी त्याला दोन वाक्यं हमखास ऐकावी लागतात. पहिलं वाक्य, 'काम चांगलं असलं की कामच बोलतं, तोंडानं कशाला सांगायचं?' दुसरं, 'तुला ओळखतात चारशे जण. आधी नाव होऊ दे, मग जाहिरात कर.' असं बोलणारी माणसं परकी नसतात. चुलते असतात, शाळेतले गुरुजी असतात, कधी ज्याच्या साउंडवर पोरगा काम करतो तो मालकही असतो. आपली फुशारकी आपण मारू नये, ही जुनी शिकवण त्यामागं आहे आणि ती शिकवण मला मान्य आहे. पण ती या पोरांना लागू करणं साफ चूक आहे. नुसती चूक नाही, त्यात त्यांच्यावर अन्याय आहे.

पहिल्या वाक्यापासून सुरुवात करू. काम बोलतं हे खरं, पण ते बोलतं कुणाच्या नावानं?

मारोतीच्या देवळाकडं नवरदेवाची मिरवणूक, म्हणजे परण्या, निघतो तेव्हा टेम्पोकडं नीट बघा. वर बेस आणि टॉपची भिंत, तिच्या कपाळावर एलईडीच्या अक्षरांत साउंडवाल्याचं नाव, मागं धडधडणारा जनरेटर. मधल्या फटीत प्लायवूडच्या फळीवर लॅपटॉप आणि कंट्रोलर ठेवून एक पोरगा उभा असतो. एका कानावर हेडफोन, दुसरा कान रस्त्याकडं. चालू गाणं संपायच्या आत तो पुढच्याचा ठेका हेडफोनमध्ये ऐकतो. दोन्हींचा वेग दोन-चार बीपीएमनं वेगळा असला तर पिच सरकवून जुळवून घेतो. चालू गाण्याचा बेस काढतो आणि मगच नव्याचा सोडतो, नाहीतर दोन्ही बेस एकमेकांवर आदळून आवाज गढूळ होतो. नवरदेवाचे मामा नाचायला उतरले की हलगीच्या चालीचं गाणं येतं. भालकी-औरादकडचे पाहुणे दिसले की कन्नड गाणं येतं. तांड्यावरची मित्रमंडळी पुढं सरकली की बंजारा गाणं येतं. म्हातारी माणसं दमून कडेला झाली की चाल उतरते. हे सगळं तो कुणी न सांगता करतो, कारण गर्दी वाचायला तो शिकलेला असतो.

वरात उतरली की लोक काय म्हणतात? 'अमक्याचा साउंड लई भारी वाजला.' अमका म्हणजे टेम्पोचा मालक. त्यानं कर्ज काढून सेटअप उभा केलेला असतो, त्याचं नाव झळकलंच पाहिजे. पण फळीमागचा पोरगा पाहुण्यांसाठी फक्त 'ऑपरेटर' राहतो. पुढच्या लग्नाची सुपारी मालकाला जाते, इसार मालकाच्या हातात पडतो, आणि ज्याच्या कानानं ती रात्र तोलली त्याचं नाव कुणी विचारत नाही. अशा धंद्यात 'कामच बोलतं' असं सांगणं म्हणजे त्या पोराला कायमचं गप्प बसवणं आहे. ज्याचं काम दुसऱ्याच्या पाटीखाली होतं, त्याला स्वतःचं नाव स्वतःच सांगावं लागतं. दुसरा मार्ग त्याला ठेवलेलाच नाही.

ही गोष्ट आजची नाही. आपल्याकडं वाजवणाऱ्या माणसाला नाव नसणं हा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज आहे. हलगी, सनई, डफ वाजवणाऱ्यांशिवाय गावाचं एकही लग्न लागलं नाही, एकही देव मिरवला नाही. पण त्या माणसांना हाक मारली गेली ती जातीच्या नावानं. लग्नपत्रिकेवर दूरच्या चुलत्यांची नावं ओळीनं छापली गेली, पण वाजवणाऱ्याचं नाव कधी आलं नाही. त्यांचं काम काही कमी बोलत नव्हतं. अख्खी पंचक्रोशी त्या वाजवण्यावर नाचत होती. तरीही ती नावं आज कुणाला सांगता येत नाहीत. आज कंट्रोलरमागं उभं राहणाऱ्यांत भूमिहीन घरांतली, मजुराची, वाजंत्र्याची पोरं भरपूर आहेत. त्यांना नम्रतेचा धडा देण्याआधी या नम्रतेनं त्यांच्या आजोबांना काय दिलं याचा हिशोब आपण मांडला पाहिजे.

ज्यांनी आपलं नाव हरवू दिलं नाही, त्यांनी ते स्वतः सांगितलं म्हणूनच ते टिकलं. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत 1922 साली जन्मलेले वामनदादा कर्डक आयुष्यभर गावोगाव फिरले, वस्त्यांमध्ये गायले आणि गाण्याच्या शेवटी 'वामन' ही नाममुद्रा गुंफत राहिले. पठ्ठे बापूरावांनी आपल्या लावण्यांत तेच केलं. संतांच्या अभंगांपासून शाहिरांच्या कवनांपर्यंत ही रीत चालत आलेली आहे आणि तिला कुणी आत्मप्रौढी म्हटलं नाही. तमाशा कलावंत विठाबाईंचा फड तर 'विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर' या नावानं उभा राहिला. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, जात आणि गाव, सगळं पाटीवर. ज्या जातीचं नाव समाज हलक्या आवाजात घेत होता, ते त्यांनी ठळक अक्षरांत लिहून मानानं मिरवलं. 1957 आणि 1990 साली राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा गौरव झाला.

नारायणगावात हंगामात तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. प्रत्येक राहुटीवर फडाच्या नावाची पाटी असते आणि गावोगावच्या यात्रा कमिट्या तिथं येऊन सुपारी ठरवतात. कोणता फड काय करतो, कुणाचं वगनाट्य गाजलं, कुणाचा सोंगाड्या हजरजबाबी आहे, हे तिथं उघड सांगितलं जातं आणि उघड विचारलं जातं. तमाशाचा अख्खा व्यवसाय या उघडेपणावर चालत आला. मग देवणीच्या पोरानं मोबाइलवर पाटी लावली तर त्याला निर्लज्ज का म्हणायचं?

आणि असं देवणीतल्या माणसांनी बोलावं याचं मला जास्त वाईट वाटतं. या गावाचं नाव देशभर गेलं ते देवणी गायी-बैलांमुळं. वानेरा, बालंक्या, शेवेरा असे या जातीचे प्रकार इथला शेतकरी लांबून ओळखतो. पण माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत असो की एखाद्या पशुप्रदर्शनात, उत्तम वळू असलेला मालक त्याला गोठ्यात झाकून ठेवत नाही. त्याला धुतो, शिंगं रंगवतो, झूल घालतो, मैदानात फिरवतो आणि त्याचं कूळ चार लोकांत अभिमानानं सांगतो. जनावर अस्सल आहे म्हणून तर तो ते दाखवतो. हीच रीत आपल्या लेकराच्या हुन्नराला लावताना आपली जीभ का अडखळते?

आता दुसरं वाक्य. 'चारशे जण ओळखतात, आधी नाव होऊ दे.' हा सल्ला व्यवहारी वाटतो, म्हणूनच तो जास्त नुकसान करतो. तो ऐकून पोरं दोनपैकी एक चूक करतात. काही जण गप्प बसतात. बाकीचे आकडा फुगवायच्या मागं लागतात. फॉलोअर विकत घेतात, वरातीचं मिळालेलं मानधन पोस्ट बूस्ट करण्यात घालवतात, आणि कुठल्या तरी परमुलखातली, बहुधा अस्तित्वातच नसलेली हजारो खाती त्यांच्या नावापुढं जमा होतात. त्यातलं एकही खातं त्यांना हळदीला बोलावणार नाही. उलट पोस्ट पुढं सरकवायची की नाही हे पाहणाऱ्यांच्या प्रतिसादावर ठरत असल्यामुळं मुक्या खात्यांची ही गर्दी पोराचा खरा आवाजही दाबून टाकते.

डीजेला काम देणारा माणूस कोण आहे, याचा विचार केला तर चारशे हा आकडा लहान वाटत नाही. देवणीच्या डीजेचा बाजार म्हणजे देवणी, उदगीर, निलंगा, शिरूर अनंतपाळ आणि सीमेपलीकडचा बीदरचा थोडा भाग. तिथं लग्न ठरवताना डीजे कोण सांगणार? नवरदेवाचा धाकटा भाऊ, मावसभाऊ, त्याचे मित्र. जयंतीला कोण सांगणार? मंडळाची पाच-सात पोरं. त्या चारशे ओळखीच्यांत अशी किती घरं, किती मंडळं आहेत ते मोजा. ज्या चारशे जणांनी तुम्हाला समोर वाजवताना ऐकलंय, ज्यांच्या घरी तुम्ही जेवलाय, ज्यांना तुमच्या बापाचं नाव ठाऊक आहे, त्यांच्याइतकी पक्की साक्ष लाखभर अनोळखी माणसं देऊ शकत नाहीत. लहान चाहतावर्ग असलेल्यानं थांबायचं नसतं. त्यानं नेमक्या याच माणसांना, नाव घेऊन, एकेकाला सांगायचं असतं.

डीजेंच्या जगाचा इतिहासही हेच सांगतो. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात 11 ऑगस्ट 1973 रोजी सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीनं राहत्या इमारतीच्या सामायिक खोलीत पार्टी ठेवली. शाळा सुरू होण्याआधी नवे कपडे घेण्यापुरते पैसे जमवायचे होते. वाजवायला तिचा भाऊ क्लाइव्ह, ज्याला पुढं जग डीजे कूल हर्क म्हणून ओळखू लागलं. जाहिरात म्हणून लहानशा कार्डांवर हातानं निमंत्रणं लिहिली. त्यावर तारीख, वेळ, पत्ता, मुलींना पंचवीस सेंट, मुलांना पन्नास, आणि वाजवणाऱ्याचं नाव. आलेली गर्दी आपल्या गल्लीतल्या हळदीएवढीच असेल. आज हिप-हॉप संगीताचा वाढदिवस म्हणून तीच तारीख जगभर मानली जाते. नाव झाल्यावर कार्ड लिहू, असं ती बहीण-भावंडं म्हणाली नाहीत. कार्डं लिहिली, म्हणून ऐकायला माणसं आली आणि माणसं आली म्हणून पुढं नाव झालं.

इतकं लांब जायची गरज नसेल तर घरचं उदाहरण घ्या. क्रेटेक्स या मराठी संगीत-निर्मात्यानं गायक श्रेयसबरोबर केलेलं 'तांबडी चामडी' हे गाणं 2024 साली 'स्पिनिन' या डच लेबलवरून आलं आणि पाहता पाहता जगभर वाजलं. मराठी शब्दांवर हाउस संगीत करणाऱ्या आपल्या शैलीला त्यानं 'एम-हाउस' असं नाव दिलं. हे नाव त्याला कुण्या समीक्षकानं बहाल केलेलं नाही. आपण काय करतो हे त्यानं स्वतः सांगितलं आणि सांगितल्याप्रमाणं करून दाखवलं.

आता विरोधकांचा सगळ्यात वजनदार मुद्दा. ते म्हणतात, 'डीजेची जाहिरात म्हणजे आवाजाची जाहिरात. पोरं सांगतात काय, तर आमच्या बेसनं पत्रे हादरतात. म्हातारी माणसं, तान्ही लेकरं, दवाखान्यातले रुग्ण यांच्या जिवाशी खेळ चालतो. याची जाहिरात थांबलेलीच बरी.' या तक्रारीतलं एक अक्षरही मी खोडणार नाही. ध्वनिप्रदूषण नियम 2000 सालापासून आहेत. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे, शासनानं ठरवून दिलेले मोजके दिवस सोडले तर रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजवता येत नाही. वरातीच्या भिंती ही मर्यादा किती ओलांडतात हे सांगायला यंत्र लागत नाही. पहिला बळी तर तो फळीमागचा पोरगाच ठरतो. कामगारांच्या सुरक्षितता आणि आरोग्यासाठीच्या अमेरिकन संस्थेची, नायॉशची, शिफारस अशी आहे की 85 डेसिबलमध्ये आठ तास, आणि पुढं दर तीन डेसिबलला वेळ निम्मी. म्हणजे 100 डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. आपला पोरगा त्या भिंतीला पाठ लावून चार-पाच तास उभा असतो.

पण हा रोग जाहिरातीतून आलेला नाही. तो निनावीपणातून आलेला आहे. वाजवणाऱ्याला स्वतःचं नाव नसलं की त्याच्या हुन्नराला किंमत राहत नाही. मग भाड्यानं मिळते ती फक्त भिंत, आणि भिंतीची तुलना एकाच गोष्टीत करता येते, कुणाची मोठी. ज्याचं नाव कुणाला माहीत नाही त्याला अब्रू जायची भीतीही नसते. उद्या पोलिसांनी साउंड उचलला तर मालकाच्या नावाची चर्चा होईल, ऑपरेटर दुसऱ्या टेम्पोवर चढेल. याउलट ज्या पोराचं नाव गावात वाजवणारा म्हणून घेतलं जातं, त्याला ते सांभाळावं लागतं. 'दहाला बंद करतो, दवाखान्यासमोर आवाज उतरवतो, कमी आवाजातही नाचवून दाखवतो' हे त्यानं स्वतःच्या नावानं सांगितलं की गाव त्याला त्या शब्दावर धरू शकतं. गोंगाट कमी व्हावा असं ज्यांना मनापासून वाटतं, त्यांनी या पोरांची नावं पुढं येऊ द्यावीत. ज्याला नाव आहे त्यालाच जाब विचारता येतो.

अर्थात जाहिरातीच्या नावाखाली जे जे चालतं त्या सगळ्याची बाजू मी घेत नाही. आपल्याकडं एक खोड बोकाळली आहे. मूळ गायकाचं गाणं उचलायचं, खाली चार बीट टाकायचे आणि दर पंधरा-वीस सेकंदांनी स्वतःच्या नावाचा व्हॉइस टॅग आदळायचा. गायिकेची तान ऐन रंगात आली की मधेच डीजेचं नाव. वामनदादांनी नाममुद्रा गुंफली ती स्वतःच्या रचनेत. दुसऱ्याच्या गाण्यावर शिक्का मारणं ही वेगळी गोष्ट आहे. टॅग जरूर लावा, पण सुरुवातीला एकदा लावा, आणि मूळ गायक, कवी, संगीतकार यांची नावं त्याच्या बरोबरीनं लिहा. ज्याला स्वतःचं नाव हवं आहे त्यानं दुसऱ्याचं नाव पुसू नये. हलगीवाला बोलावून त्याच्यासोबत वाजवलं असेल तर त्याचंही नाव लिहा, म्हणजे आजोबांच्या पिढीवर झालेला अन्याय नातवाच्या हातून पुन्हा होणार नाही.

कायद्याची बाजूही पोरांनी नीट समजून घ्यावी. लग्नात आणि लग्नाशी जोडलेल्या समारंभात गाणी वाजवण्याला कॉपीराइट कायदा 1957 मधल्या कलम 52 नं सूट दिलेली आहे आणि केंद्र सरकारनं 24 जुलै 2023 च्या जाहीर सूचनेत ते पुन्हा स्पष्ट केलं. पण ती सूट मांडवापुरती. तेच गाणं स्वतःच्या यूट्यूब चॅनलवर चढवलं की हक्क लेबलचा. तिथं 90 दिवसांत तीन स्ट्राइक आले की चॅनल बंद होऊ शकतं आणि वर्षांची मेहनत एका दिवसात जाते. म्हणून जाहिरातीसाठी स्वतःचं काहीतरी तयार करा. गावातल्या हलगीवाल्याचा ठेका त्याला विचारून, त्याला पैसे देऊन रेकॉर्ड करा आणि त्यावर स्वतःचं संगीत बांधा. ते कुणी काढायला लावू शकणार नाही आणि तसं दुसऱ्या कुणाकडं असणारही नाही.

आणखी एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. हळदीत नाचणाऱ्या बायका-मुलींचे व्हिडिओ न विचारता रीलवर टाकणं ताबडतोब थांबलं पाहिजे. घरातल्या अंगणात, आपल्या माणसांत मोकळी झालेली बाई तुमच्या जाहिरातीचं साहित्य नाही. एका रीलपायी एखाद्या मुलीचं नाचणं कायमचं बंद होतं आणि त्या घराचं दारही तुम्हाला बंद होतं. कॅमेरा स्वतःच्या हातांवर, कंट्रोलरवर ठेवा. गर्दी दाखवायचीच असेल तर यजमानांना आणि नाचणाऱ्यांना आधी विचारा. दुसऱ्या दिवशी त्या घरी फोन करा, काय आवडलं, काय खटकलं ते विचारा, आणि परवानगी घेऊन त्यांचे दोन शब्द स्टेटसवर ठेवा. नव्या माणसाच्या जाहिरातीत यापेक्षा खरं काही असत नाही.

तेव्हा 'कामच बोलतं' म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांना माझी विनंती आहे की लेकरू आपलं नाव सांगत असेल तर त्याला अडवू नका, त्याचं काम ऐका आणि मग बरं-वाईट काय ते तोंडावर सांगा. साउंडच्या मालकांनी टेम्पोवर आपल्या नावाखाली वाजवणाऱ्याचं नाव लिहावं आणि सुपारी घेताना तो कोण असेल हे सांगावं. त्यानं मालकाचा धंदा बसणार नाही. चांगल्या हाताला मागणी आली की टेम्पोलाही येते. मंडळांनी 14 एप्रिलच्या किंवा शिवजयंतीच्या फलकावर, जिथं देणगीदारांची नावं दाटीवाटीनं बसवली जातात, तिथं एक ओळ वाजवणाऱ्यांसाठी राखावी. आणि ज्या पोराकडं आज चारशेच माणसं आहेत, त्यानं त्या चारशेंना बेधडक सांगावं की मी वाजवतो, असं वाजवतो, इतके पैसे घेतो आणि दहा वाजता बंद करतो. हे सांगण्यात लाज नाही. पिढ्यान्‌पिढ्या इतरांच्या आनंदासाठी वाजवणाऱ्यांना जे मागता आलं नाही, ते मागण्याचा हा हक्क आहे, आणि तो आपण त्याला द्यायलाच हवा.